विंडीज क्रिकेटला बास्केटबॉलने खाल्लं, हे खरंय का? (अवांतर चालेल)

तिसरी_स्लिप
मंडळी, जमैकातल्या किंग्स्टनचं ते स्कोअरकार्ड अजून डोक्यातून जात नाहीये. जुलै 2025, सबायना पार्क, ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कच्या 9 रनमध्ये 6 विकेट आणि विंडीजची अख्खी टीम 27 वर ऑलआऊट. जी टीम 1980 ते 1995 एकही टेस्ट सिरीज हरली नाही तिचं हे व्हावं याचं खरंच वाईट वाटतं. आणि असं काही झालं की लगेच ठरलेलं कारण ऐकू येतं, तिकडे केबलवर एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) दिसायला लागलं, उंच पोरं बास्केटबॉलकडे गेली आणि फास्ट बॉलर संपले. मला हे पटत नाही. कोणी यावर नीट वाचलंय का? विषय भरकटला तरी हरकत नाही, फक्त आयपीएलवर नको.

नेट_बॉलर
पटत नाही ते बरोबरच आहे. विंडीजच्या फास्ट बॉलर ॲम्ब्रोसचं बघ ना. अँटिग्वातल्या स्वीट्स गावचा, उंची सहा फूट सात इंच, आणि लहानपणापासून वेड कशाचं तर बास्केटबॉलचं. क्रिकेटचं वेड त्याच्या आईला, पोराने विकेट काढली की ती घराबाहेर येऊन घंटा वाजवायची. असा मुलगा पुढे 405 टेस्ट विकेट घेतो आणि 1993 ला पर्थवर एका स्पेलमध्ये 1 रन देऊन 7 जणांना घरी पाठवतो. म्हणजे बास्केटबॉल तेव्हाही होतंच की, टीम जगात एक नंबर असतानाही होतं.

मला खरं कारण काउंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधलं तिथल्या परगण्यांच्या टीमचं क्रिकेट वाटतं. रिचर्ड्स आणि गार्नर सॉमरसेटला, मार्शल हॅम्पशायरला, वॉल्श ग्लॉस्टरशायरला, ॲम्ब्रोस नॉर्दॅम्प्टनशायरला, हे लोक वर्षानुवर्षं उन्हाळाभर तिकडे आठवड्यातून पाच-सहा दिवस बॉलिंग-बॅटिंग करून पक्के झाले आणि ती शाळा त्यांच्या बोर्डाला एक पैसा न घालता मिळत होती, पुढे काउंटीने परदेशी खेळाडू कमी केले तेव्हा घरच्या घरी तसं काही उभं करायला इतक्या छोट्या बेटांकडे पैसाच नव्हता. त्यात बोर्ड आणि खेळाडूंची पगारावरून भांडणं, 2014 ला धरमशालाहून अर्धा दौरा टाकून टीम परत गेली ते सगळ्यांना आठवत असेल. यात बास्केटबॉल कुठे आलं?

अवांतर: ॲम्ब्रोस रिटायर झाल्यावर बँडमध्ये बेस गिटार वाजवायला लागला, सोबत गिटारवर रिची रिचर्डसन.

मडगावची_माया
नेट_बॉलर, बँडचा विषय काढलात म्हणून लिहिते, कारण विंडीज क्रिकेट आणि गाणं वेगळं काढताच येत नाही. 1950 ला लॉर्ड्सवर त्यांनी इंग्लंडला 326 रनने हरवलं, इंग्लंडमधला त्यांचा पहिला टेस्ट विजय, रामाधीनच्या 11 आणि व्हॅलेंटाइनच्या 7 विकेट. मॅच संपल्या संपल्या लॉर्ड किचनर गिटार घेऊन लोकांसकट मैदानात उतरला आणि लॉर्ड बिगिनरने त्या विजयावर कॅलिप्सो (कॅरिबियन गाण्याचा प्रकार) रचली. हे दोघं गायक 1948 साली विंडरश नावाच्या बोटीने इंग्लंडला आलेले, म्हणजे लंडनमध्ये नवखे, घर भाड्याने मिळायची मारामार, आणि दोनच वर्षांत त्याच शहरात छाती काढून नाचायची संधी. आणि रामाधीन म्हणजे त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या आपल्या गिरमिटियांचा (करारावर नेलेल्या मजुरांचा) वंशज, विंडीजकडून खेळणारा पहिला भारतीय वंशाचा माणूस.

आता आपला भाग. ज्या सबायना पार्कवर 27 झाले तिथेच 1971 ला भारत 5 बाद 75 होता आणि आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 212 मारले! पहिला दिवस पावसात गेल्यामुळे फॉलोऑन द्यायला लागणारी आघाडी 150 वर आली होती, आपली त्याहून जास्त होती, म्हणून आपले कॅप्टन वाडेकरांनी विंडीजचा कॅप्टन सोबर्सकडे जाऊन सांगितलं की तुम्ही परत बॅटिंगला या. पुढे सिरीज जिंकलो, गावसकरचे चार टेस्टमध्ये 774, आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर आख्खी कॅलिप्सो केली. आपल्या बॉलरना कुटणाऱ्या पाहुण्यावर प्रेमाने गाणं लिहायचं, याला फार मोठं मन लागतं. सरदेसाईंचे त्या सिरीजमध्ये 642 होते, त्यांच्या वाट्याला गाणं आलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता.

जुनी_पाने
मायाताई, सुंदर लिहिलंय. मी गाडी थोडी उलटी फिरवतो. बास्केटबॉलने कॅरिबियनकडून घेतलं असं सगळे म्हणतात, पण कॅरिबियन माणसाने बास्केटबॉलला काय दिलं ते बघा. बॉब डग्लस, जन्म सेंट किट्सचा, न्यूयॉर्कला आला आणि तिथे काळ्या मुलांसाठी जो क्लब काढला त्यात क्रिकेटसुद्धा होतं. 1923 ला त्याने हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, रेनेसान्स ही बास्केटबॉल टीम उभी केली, लोक रेन्स म्हणायचे. रेनेसान्स हा तिथला नाचाचा हॉल, चालवणारा माणूस माँटसेराटचा, म्हणजे तोही वेस्ट इंडियन. डग्लसने सांगितलं टीमला तुमच्या हॉलचं नाव देतो, तुम्ही खेळायला जागा द्या. मग डान्स फ्लोअरवरच बास्केट उभ्या करून मॅच, आणि मॅच झाली की त्याच फ्लोअरवर बँड लागून लोक नाचायचे. खेळ आणि जॅझ एका तिकिटात.

1932-33 च्या मोसमात सलग 88 मॅच जिंकल्या या टीमने. पण दौऱ्यावर हॉटेलं खोली द्यायची नाहीत, बसमध्ये बसून जेवावं लागायचं. 1939 ला शिकागोत व्यावसायिक टीमची पहिली जागतिक स्पर्धा झाली, फायनलला ऑशकॉशच्या गोऱ्या टीमला 34-25 हरवून रेन्स चॅम्पियन. तरी एनबीएत काळे खेळाडू यायला 1950 उजाडलं.

हे वाचताना मला सतत आपले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवतात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट घेणारा माणूस, आणि पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. मुंबईत धर्मावर टीम पाडून जी स्पर्धा व्हायची तिथल्या हिंदू टीमची कॅप्टनशिप बाळूंना मिळालीच नाही, ती मिळाली धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली. हार्लेमला डग्लस टीम बांधत होता तेच वर्ष.

नागपूर_ड्रिबल
व्वा भाऊ, रेन्सवर मराठीत कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे धरमपेठ, शिवाजीनगरच्या कोर्टवर वाढलेल्या पोरांना जॉर्डन-कोबे पाठ असतात पण डग्लस माहीत नसतो. भर घालतो. एनबीएचा स्टार पॅट्रिक युइंग किंग्स्टनचाच, लहानपणी क्रिकेट आणि फुटबॉल खेळायचा, साधारण बाराव्या वर्षी अमेरिकेला गेल्यावर बास्केटबॉल शिकला. म्हणजे टीव्हीवर बास्केटबॉल बघून गेला नाही, घरच्यांनी पोट भरायला देश बदलला म्हणून गेला. तसाच एनबीएचा टिम डंकन सेंट क्रॉय या कॅरिबियन बेटाचा, तो तर स्विमर होता, 1989 च्या ह्यूगो वादळात तिथला पूल उद्ध्वस्त झाला म्हणून बास्केटबॉलकडे वळला. त्यामुळे "उंच पोरं पळवली" हे मला लय अर्धवट वाटते. आणि एनबीएचाच दिग्गज करीम अब्दुल-जब्बारचे आजी-आजोबा त्रिनिदादचे, वडील पोलीस आणि ट्रॉम्बोन वाजवणारे. 1983 ला करीमचं घर जळलं, जॅझच्या हजारो रेकॉर्ड गेल्या, तर फॅन्सनी आपापल्या घरच्या रेकॉर्ड त्याला आणून दिल्या. असे फॅन मिळाले पाहिजेत.

तिसरी_स्लिप
काय एकेक माहिती मिळतेय, सगळ्यांचे मनापासून आभार. काउंटीचा मुद्दा पटला. नागपूरकर, एक शंका, फायनलला फक्त 34-25? आता तर पहिल्या क्वार्टरलाच एवढे होतात.

नागपूर_ड्रिबल
कारण तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात बास्केटवर बॉल टाकायचा नियम, नव्हतं ना भाऊ. लीड मिळाली की बॉल आपल्याकडेच फिरवत बसायचं, कोणी अडवणारं नाही. 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 हरवलं, एनबीएमधला सगळ्यात कमी स्कोअर आजही तोच आहे. गावसकरच्या 1975 वर्ल्ड कपमधल्या 36 नाबादसारखं वाटलं असेल पब्लिकला, 60 ओव्हर संपल्या तरी तेवढेच. मग 1954 ला 24 सेकंदांचा नियम आला आणि स्कोअर वर गेले.