बागेबद्दल, कृपया पूर्ण वाचा

बी-३०४, सकाळी ७:४०
सगळ्यांना नमस्कार. ऐन दिवाळीत तक्रारीचा मेसेज टाकायला जिवावर येतं, पण आत्ताच बागेतून फिरून आले आणि राहवलं नाही. मोठा मेसेज आहे, कृपया पूर्ण वाचा.

माळीमामा वसुबारसेला गावी गेले, तुळशीचं लग्न आटोपून येतील. संध्याकाळी फाटकाशी बसणारे रखवालदार मामाही याच आठवड्यात सुट्टीवर आहेत. वर्षातून एकदा मिळणारी हक्काची सुट्टी आहे, त्याबद्दल कुणी काही बोलू नये. म्हणजे गेला आठवडाभर बागेत फक्त आपण होतो.

कडुनिंबाखालच्या बाकावर केकचं क्रीम फासलंय, त्याला मुंग्या लागल्यात. बाकाभोवतीच्या गवतात पार्टी पॉपरची चमकी पसरली आहे. मी अर्धा तास उकिडवी बसून ती वेचत होते. नखाएवढे सोनेरी तुकडे, दवाने ओल्या पात्यांना चिकटलेले. झाडूने निघत नाहीत, चिमटीने एकेक उचलावा लागतो. मूठभर निघाले, तेवढेच अजून आहेत. सकाळी त्याच गवतात साळुंक्या आणि बुलबुल किडे टिपत असतात.

बकुळीच्या खोडावर बदाम आणि दोन अक्षरं कोरली आहेत, ओला चीक अजून वाहतोय. मी शाळेत २६ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून सांगते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या लगेच आतल्या थरातून. खोल कोरलं की तेवढी वाट बंद होते. खोडाभोवती गोल फिरून साल काढली तर उभं झाड वाळतं. ही बकुळ मामांनी लावली तेव्हा त्यांच्या गुडघ्याएवढी होती.

आणि शेवंतीचा वाफा उकरलाय. मातीच नाही त्यात. मुळं उघडी पडली आहेत. नऊ-दहा रोपं आडवी झाली.

फोटो टाकत नाही. स्वतः खाली जाऊन बघा अशी विनंती आहे.

ए-१०१
ताई, हे बाहेरच्या पोरांचं काम. मागच्या रस्त्याने येतात, गाड्या लावतात, रात्री दहापर्यंत धिंगाणा. आपल्या बाजूचं आणि मागचं, दोन्ही फाटकांना कुलूप लावा. मामा आले की उघडा.

सचिव
बाग सार्वजनिक आहे, दादा. मागच्या फाटकाला आपण कुलूप लावू शकत नाही. आपल्या बाजूच्या छोट्या दारापुरतं ठरवता येईल.

ए-१०१
मग कर कशाला भरतो आपण? दोन माणसं एकदम सुट्टीवर जातात आणि बदली कुणी नाही?

बी-२०२
बी-३०४ काकू, केक आमचा होता. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाचा वाढदिवस बागेत केला, बारा-तेरा मुलं होती. खरं तेच सांगतो. दरवर्षी आमचं आवरलं की मामा झाडू घेऊन येतात, मी त्यांच्या हातात काहीतरी ठेवतो आणि आम्ही वर येतो. यंदा ते नाहीत हे मला माहीत होतं. अंधार पडला, मुलं दमली, सकाळी येऊन उचलू म्हटलं. सकाळी पाडव्याची गडबड, पाहुणे, आणि राहून गेलं. सगळ्यांची मनापासून माफी मागतो. बाक आत्ता धुऊन येतो, चमकीही वेचतो.

बी-३०४
तुम्ही हे स्वतःहून सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला नाव शोधायचं नव्हतं. पण आता ए-१०१ दादांना सांगते, बाहेरचे येतात हे खरंच आहे. लॉनवरच्या स्कूटरच्या चाकोऱ्या त्यांच्या असतील. पण बाक आपला, आणि शेवंतीचा वाफाही आपलाच. बी विंगच्या जिन्याखाली जो किल्ला झालाय त्याच्या बुरुजावर अळीव उगवलेत, आणि अळिवाच्या बुडाशी शेवंतीची मुळं आहेत. किल्ला सुंदर झालाय, मुलांना कुणी रागावू नका. त्यांना माती कुठून घ्यायची हे सांगणारं माणूस यंदा नव्हतं, आणि आपल्यापैकी कुणी खाली उतरून विचारलं नाही.

डी-२०१
काकू, आम्हाला कॉलेजात याच विषयावरचा एक प्रयोग शिकवला होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केलेला, २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला संशोधकांनी जाहिरातीची चिठ्ठी अडकवली. जवळपास कचरापेटी नव्हती. गल्लीची भिंत स्वच्छ रंगवलेली होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी चिठ्ठी तिथेच टाकली. त्याच भिंतीवर रंगाने खरडून ठेवलं तेव्हा ६९ टक्क्यांनी टाकली. गल्ली तीच, सायकली तशाच, बदलली ती फक्त भिंत. आपल्या बाकावरचं क्रीम दोन दिवस तसंच राहिलं. मी काल संध्याकाळी तिथे पाहिलं तर त्याच बाकाखाली कुरकुऱ्यांची पाकिटं आणि दोन बाटल्या होत्या. शेजारचे दोन बाक स्वच्छ होते.

बी-२०२
हे वाचून जास्तच वाईट वाटलं. खालीच आहे आत्ता. बाटल्या उचलल्या.

ए-४०३ (कॅलिफोर्नियाहून)
आईबाबांच्या फ्लॅटमुळे मी या ग्रुपवर आहे, सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण इथे हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. जोशुआ ट्री नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, वाळवंटात. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज निधीअभावी अडलं होतं. बहुतेक कर्मचारी बिनपगारी घरी बसले, उद्यान मात्र उघडं ठेवलं. नाताळची सुट्टी, त्यामुळे गर्दी. प्रवेशशुल्क घ्यायला कुणी नाही, गस्त घालायला मोजकी माणसं. लोकांनी गाड्या रस्ता सोडून थेट वाळवंटात घातल्या, वाट काढायला जोशुआची झाडं तोडली, मनाई असलेल्या जागी तंबू ठोकले. शौचालयं तुंबली.

ही झाडं वर्षाला जेमतेम दोन-तीन बोटं वाढतात. उद्यानाचे माजी अधीक्षक कर्ट सॉअर तेव्हा म्हणाले होते की हे नुकसान पुढची २०० ते ३०० वर्षं भरून येणार नाही. आम्ही नंतर तिथे गेलो तेव्हा मी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली. वाळूवर काळपट, खडबडीत खपली असते, ती जिवंत असते. सूक्ष्मजीव आणि शेवाळ मिळून ती धरतात, तिच्यामुळे माती वाऱ्याने उडत नाही. एकदा चाक गेलं की ती मोडते आणि परत धरायला कित्येक वर्षं लागतात. तेव्हापासून पायवाट सोडायची मला हिंमत होत नाही.

पण त्याच ३५ दिवसांत पायथ्याच्या गावातले लोक, कडे चढायला शिकवणारे, दुकानदार, रोज स्वतःच्या गाडीतून जाऊन शौचालयं धूत होते, कागद ठेवत होते, कचरा भरून आणत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर पुन्हा तसंच, ४३ दिवस कामकाज अडलं, तेव्हा सगळ्यांना पहिली आठवण जोशुआ ट्रीचीच झाली.

सी-१०२ वहिनी
माझं माहेर साताऱ्याचं. कास पठार २०१२ ला जागतिक वारशात गेलं आणि गर्दी प्रचंड वाढली. लोक फुलांत आडवे झोपून फोटो काढायचे. कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यातली पुष्कळ झाडं एका पावसाळ्यापुरती. फूल बी धरायच्या आधी तुडवलं की पुढच्या वर्षी त्या जागी झाड येत नाही. टोपली कारवी तर दर ७ वर्षांनी फुलते. एक बहर वाया गेला तर केवढी वाट बघायची. आता आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर लक्ष ठेवतात, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं. शिट्टी वाजली की लोक वाटेवर येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

ए-१०१
वहिनी, तेच म्हणतोय मी. शिट्टी लागते. माणसाला धाक नसला की तो असाच वागतो. आपल्याकडेही आठ वाजता रखवालदार मामांची शिट्टी झाली की दोन मिनिटांत बाग रिकामी होते.

सी-५०४ आजोबा
मोबाइलवर लिहायला वेळ लागतो, सावकाश लिहितो आहे.

आमच्या गावाला, गुहागर तालुक्यात, देवराई आहे. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आहे. तिला ना कुंपण, ना पहारा. राईत शिरताना चपला बाहेर काढायच्या. कोयती न्यायची नाही. वाऱ्याने फांदी पडली तरी सरपणाला आणायची नाही, ती तिथेच कुजायची. देवळाचं आढं मोडलं आणि लाकूड हवं असलं तर आधी देवाला कौल लावायचा. गारंबीचा वेल माझ्या मांडीहून जाड आहे, त्याला मुलं झोके घेतात. एरवी डोंगर बोडके झाले, पण राईतला झरा मे महिन्यातही आटत नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास करून त्यांवर लिहिलं. आम्हाला तोवर त्यात विशेष काही वाटत नव्हतं, राई अशीच असते एवढंच ठाऊक.

ए-१०१
आजोबा, तुमचा मान राखून बोलतो. तिथे देवाचा कोप होईल ही भीती होती. म्हणजे रखवालदार होताच, दिसत नव्हता इतकंच. इथे कोण आहे?

सी-५०४ आजोबा
भीती होती, नाही म्हणत नाही. पण नुसत्या भीतीने काही होत नाही. भीती मोडणारे गावात होतेच, आणि ठेकेदारांनी तोडलेल्या रायाही मी पाहिल्या. आमची टिकली, कारण लहानपणी आईचं बोट धरून मी आत गेलो तेव्हा तिने आधी स्वतःच्या वहाणा काढल्या. सांगितलं काहीच नाही. मीही काढल्या. माझ्या मुलाने माझ्या बघून काढल्या. इथे बागेत मी रोज बसतो. मुलं आईवडिलांबरोबर येतात, भेळ खातात, आणि कागद टाकायच्या आधी मूल आईकडे बघतं. रोज बघतं. तेव्हा आई मोबाइलमध्ये असते.

बी-३०४
आजोबा, हे मीही शाळेत वर्षानुवर्षं पाहिलं. मूल आधी वर बघतं.

कुलपाबद्दल माझं मत सांगते. नको. दुपारी एक ते तीन आपल्या घरकामाच्या मावश्या त्याच कडुनिंबाखाली डबा खातात. त्यांना दुसरी सावली नाही, आणि मी आजवर त्यांच्यामागे शितसुद्धा पडलेलं पाहिलेलं नाही. दहावीची दोन मुलं मागच्या झोपडपट्टीतून येऊन दिव्याखाली अभ्यास करतात. कुलूप लावलं तर आधी ही माणसं बाहेर जातील. स्कूटरवाले दुसरं मैदान शोधतील.

सी-१०२ वहिनी
काकूंशी सहमत. आमच्या मावशी आजच विचारत होत्या, बाक कुणी घाण केला म्हणून. त्यांनी परवा तो त्यांच्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होता.

सचिव
दाराला कुलूप लावायचं नाही, हे ठरलं असं धरतो. कुणाची हरकत असेल तर मला फोन करा. रात्री आठला शिट्टी कोण वाजवणार?

ए-१०१
मी जातो. रोज आठला मी चालून परत येतोच. स्कूटर आली तर नंबर टिपेन, भांडणार नाही. पण खरं सांगू, इतकं लिहून होईपर्यंत मला बकुळीचं माहीत नव्हतं. आत्ता खाली जाऊन बघून आलो. त्या झाडाची फुलं माझी आई गजऱ्याला वेचायची. त्यावर काही लावायचं का, ताई?

बी-३०४
काही लावू नका. शेण, रंग, चुना काही नको. जखम कोरडी राहू द्या, झाड कडेने स्वतः भरून काढतं. फक्त खिळा ठोकून “कोरू नका” अशी पाटी लावू नका, हे आधीच सांगते. नगरपालिका हद्दीतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी खिळा म्हणजे आणखी एक जखमच.

सी-१०२ वहिनी
कुंड्यांना पाणी कोण घालतंय?

बी-२०२
आमचा मुलगा आणि त्याचे मित्र. आत्ताच ठरलं, त्यांनीच ठरवलं. सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं तेव्हा झाऱ्या भरतील.

आणखी एक सांगायचं आहे. चमकी वेचायला मुलालाही खाली घेऊन गेलो होतो. तो खतखड्ड्याच्या मागे गेला आणि मला हाक मारली. तिथे दोन पोती पालथी घातलेली होती. खाली लाल मातीचा ढीग, चाळलेली माती, एक खडा नाही. शेजारी चाळण उभी करून ठेवली होती. मामा दरवर्षी किल्ल्यासाठी मुलांना तिथूनच माती देतात. गावी जायच्या आधी चाळून, झाकून ठेवून गेले होते. यंदा कुणाला सांगायचं राहून गेलं असणार.

बी-३०४
किती आहे माती?

बी-२०२
सात-आठ घमेली तरी असेल.

बी-३०४
शेवंतीच्या वाफ्याला पुरेल. रोपं आत्ता सावलीत ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, मुळांना वारा लागू देऊ नका. उद्या ऊन चढायच्या आत लावू. घमेली कुणाकडे आहेत?

सी-५०४ आजोबा
माझ्याकडे एक आहे. खुरपंही आहे. साडेसहाला खाली येतो.

ए-१०१
मामांना फोन करून विचारायचं का, रोपं किती खोल लावायची?

बी-३०४
नको. सुट्टीवर आहेत ते. मी दाखवते.