वरातीतला ट्रम्पेटवाला जुना जॅझ शिकू शकतो का?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. घरी वडलांचा बँड होता, मी पण अकरावीपासून ट्रम्पेट वाजवतो, लग्नसराईत वराती आणि गणपतीत मिरवणुका, आता डीजेमुळं सुपाऱ्या कमीच झाल्यात. मागच्या महिन्यात यूट्यूबवर लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाल्याचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' लागलं, सुरुवातीला साथीशिवाय तो एकटाच वाजवतो ना, तेवढाच तुकडा रात्रभर ऐकत बसलो. हा माणूस शिकला कुणाकडं? आणि माळ्यावर वडलांचा जुना कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) आहे, त्याच्यावर हे वाजेल का? अजून एक, तीन-चार तास वाजवलं की ओठ पार बधिर होतात.

मिरजेचा_तंबोरा:
भावा, तो पण रस्त्यावरच्या बँडमधूनच आला की! जन्म १९०१, अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स, घरात खायचे वांदे. १९१२ च्या शेवटच्या रात्री हवेत पिस्तूल उडवलं म्हणून पोलिसांनी धरून सुधारगृहात टाकलं, तिथं पीटर डेव्हिस नावाच्या मास्तरांनी आधी बिगुल आणि मग कॉर्नेट हातात दिला आणि हेच पोरगं त्या बँडचं म्होरकं झालं. त्या गावात मयतीला पण बँड असतो, जाताना संथ आणि परतताना नाचायला लावणारं. १९२२ ला किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवाल्यानं आपल्या बँडमध्ये शिकागोला बोलवून घेतलं, १९२३ च्या पहिल्या रेकॉर्ड्समध्ये आर्मस्ट्राँग ऑलिव्हरच्या जोडीला दुसऱ्या कॉर्नेटवरच वाजवतोय, ट्रम्पेट नंतर धरला. त्यामुळं माळ्यावरचा खाली काढ.

अजिंक्यतारा_७:
ओठांचं हलक्यात घेऊ नका दादा. आर्मस्ट्राँग वरचे सूर काढायला माउथपीस ओठावर दाबायचा, ओठाला कायमचे वण पडले आणि १९३४ च्या सुमारास तर काही महिने वाजवणंच थांबवावं लागलं. मी साताऱ्यात बँडमध्ये पंधरा वर्षं काढली, वरातीत आवाज पोचावा म्हणून आपण पण तेच करतो. रोज सकाळी हळू आवाजात लांब सूर धरा, दाब कमी, दम पोटातून, आणि बधिर झालं की थांबायचं म्हणजे थांबायचं.

मिरजेचा_तंबोरा:
एक राहिलंच. आपल्याकडं पण चिक चॉकलेट होता, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचा आणि त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. संगीतकार सी. रामचंद्रांसोबत काम केलं, १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात बँडसकट पडद्यावर दिसतो. १९६७ ला गेला, पन्नाशीच्या आसपास फक्त. ती गाणी आपल्या बँडवाल्यांना तोंडपाठ असतात, तुझ्या वडलांनी पण वाजवली असतील. तिथनं सुरू कर, चाल ओळखीची आहे, ट्रम्पेट काय करतोय तेवढंच ऐकायचं.

कृष्णाकाठ_सांगली:
दोघांचे मनापासून आभार. कॉर्नेट काढला, मधलं बटण अडकलं होतं, तेल घालून सोडवलं. 'अलबेला'चं नाव काढल्यावर आई म्हणाली ही गाणी वडील प्रत्येक वरातीत वाजवायचे, आणि तिनं स्वतःच गुणगुणून दाखवलं.