मदत हवी आहे: विंडसर्फिंगचा ट्विन-फिन वेव्ह बोर्ड सरळ जाताना मागून सटकतो

मंडळी,

आजवर विंडसर्फिंगला सिंगल-फिन वेव्ह बोर्डच (लाटांवर चालवायचा बोर्ड) वापरला, २२ सेंटीमीटरची एकच फिन, म्हणजे शेपटीखालचं पातं. गेल्या महिन्यात वापरलेला पण धडधाकट ट्विन-फिन घेतला. ८२ लिटर, १६ सेंटीमीटरच्या दोन फिन्स, दोन्ही यूएस बॉक्समध्ये (बोर्डच्या बुडातली फिन बसवायची लांबट खाच). माझं वजन ७४ किलो, शीड बहुतेक वेळा ४.७ किंवा ५.० चौरस मीटर.

लाटेवर बोर्डला तोड नाही. जुना जिथे ऐसपैस वळसा घ्यायचा, तिथे हा कड पाण्यात रुतवली की गर्रकन फिरतो. माझं रडगाणं लाटेपर्यंत पोचण्याआधीचं आहे. प्लेनिंगला आलो (बोर्ड पाण्यावरून घसरत पळू लागला), दोन्ही पाय पट्ट्यांत गेले, वाऱ्याकडे चढायला मागच्या पायाने रेटलं की फस्स! शेवाळावरून टाच घसरावी तशी शेपूट वाऱ्याखाली जाते. डावा हात पुढे असताना दर दोन फेऱ्यांत एकदा, उजवा पुढे असताना क्वचितच.

१७ च्या फिन्स घेऊ का? की ट्विनचा स्वभावच असा असतो?

प्रतिसाद १

थोडा स्वभाव, जास्त सवय. तुम्ही अजून सिंगल-फिनच चालवताय. २२ ची फिन खोल असते, तिच्यावर मागचा पाय दाबून रेटलं तरी ती सांभाळून घेते. ट्विनच्या फिन्स आखूड, त्यात कडेच्या जवळ. बोर्ड जरा तिरका झाला की वर उचललेल्या बाजूची फिन पृष्ठभागाजवळ येते, हवा ओढते, आणि सगळा भार दुसरीवर पडतो. वळताना मात्र हीच जागा कामाला येते, कारण आतली फिन कडेबरोबर खोल जाते.

म्हणून आधी वारा थोडा मोकळा घेऊन, म्हणजे वाऱ्यापासून जरा दूर वळून, वेग धरा. बोर्ड सपाट ठेवा, वजन हार्नेसमधून (शिडाला अडकवायचा अंगावरचा पट्टा) मास्टच्या, म्हणजे शिडाच्या खांबाच्या, बुडावर सोडा, मगच हळूहळू वर चढा. मागचा पाय नुसता ठेवायचा, लाथ मारायची नाही.

आणि ही तक्रार जुनीच आहे हो. शीड नसलेल्या सर्फिंगमध्ये मार्क रिचर्ड्स १९७९ ते १९८२ सलग चार वेळा विश्वविजेता झाला तो ट्विनवर; त्याच काळात सायमन अँडरसनला ट्विन निसरडा वाटला म्हणून त्याने तीन फिन्सचा थ्रस्टर केला आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आपल्याला तर वरून शिडाचा आडवा रेटाही असतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण एकाच बाजूला जास्त सटकतो म्हणताय ते मला खटकतंय. सवय दोन्हीकडे सारखी असते. १७ वर पैसे घालण्याआधी बोर्ड उलटा करा आणि शेपटीच्या टोकापासून दोन्ही फिन्सच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. यूएस बॉक्समध्ये फिन पुढेमागे सरकते, नजरेने लावली की हमखास चुकते. फिन एका अंगाने सपाट असेल तर सपाट अंग आत, म्हणजे एकमेकींकडे हवं. जुन्या बोर्डवर डावी-उजवी अदलाबदल झालेली मी दोनदा पाहिली आहे.

धागाकर्ता

आत्ताच मोजलं. सपाट अंगं बरोबर आतच आहेत, पण डावी फिन उजवीपेक्षा तब्बल सव्वा सेंटीमीटर पुढे! स्क्रू फिरवला तर बॉक्समधून चमचाभर वाळू निघाली, खालची चकती त्यातच अडकली होती. विकणाऱ्याने विचारायच्या आधीच "सेटिंग एकदम परफेक्ट आहे" असं सांगितलं होतं, तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

आता दोन्ही सारख्या करून पेन्सिलने खूण केली आहे. वारा आला की दोन्ही बाजूंनी दहा-दहा फेऱ्या मारतो, मागचा पाय हलका ठेवून. एक राहिलंच: सारख्या ठेवूनही पकड कमी वाटली तर दोन्ही मागे सरकवायच्या ना?

प्रतिसाद २

हो, मागेच. पण एका वेळी अर्धा सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. मागे नेल्या की सरळ जाताना पकड वाढते, वळणाची मजा तेवढी कमी होते. मास्टचं बूड मात्र त्या दिवशी हलवू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचंच नाही.