एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकन नागरिकाशी लग्न: आधी अर्ज की आधी नाशिक?

प्रश्न

नमस्कार मंडळी,
मास्टर्स झालं, ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) नोकरी सुरू आहे. पुढच्या महिन्यात इथे रजिस्टर लग्न (जोडीदार अमेरिकन नागरिक), डिसेंबरात नाशिकला विधी. ग्रीन कार्डाचा अर्ज कधी टाकावा? आणि त्यातलं ईएडी (कामाच्या परवान्याचं कार्ड) आलं की ओपीटी सोडून द्यावी का?
(नाव विनंतीवरून काढलं आहे)

उत्तर: विद्यार्थी मदत गट

नाशिकची तिकिटं अजून काढू नका. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा मुख्य अर्ज) टाकल्यावर अॅडव्हान्स परोल (अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत यायची परवानगी) हातात नसताना देश सोडलात, तर तुम्ही अर्जच सोडून दिलात असं धरतात. पासपोर्टवर एफ-१ चा शिक्का जिवंत असला तरी काही फरक पडत नाही. ती सवलत एच-१बी आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना आहे. आधी विधी, मग परत येऊन अर्ज, हा मार्ग तर त्याहून वाईट. एफ-१ वर आत येताना शिक्षण संपवून परत जायचा इरादा अपेक्षित असतो. लग्न झालेलं आणि मनात कार्डाचा बेत, अशा अवस्थेत विमानतळावर विद्यार्थी म्हणून उभं राहणं म्हणजे खोटी माहिती दिल्याचा आरोप ओढवून घेणं. '९० दिवसांचा नियम' (आल्यावर ९० दिवसांत व्हिसाच्या हेतूविरुद्ध वागलात तर आत येताना खोटं बोललात असं धरणारा) परराष्ट्र खात्याचा आहे. ९१व्या दिवशी अर्ज टाकला म्हणून इरादा धुऊन निघत नाही.

तेव्हा इथे लग्न, मग अर्ज, परोल किंवा कार्ड आलं की नाशिक.

पाकीट एकच: आय-१३० (जोडीदाराने तुमच्यासाठी करायचा अर्ज), १३०ए (त्याची पुरवणी), ४८५, ८६४ (आर्थिक हमीपत्र), ६९३ (मेडिकल), ७६५ (ईएडीचा अर्ज), १३१ (परोलचा अर्ज). एप्रिल २०२४ पासूनच्या दराने कागदी अर्जांची फी अनुक्रमे १३० ला ६७५, ४८५ ला १,४४०, ७६५ ला २६० आणि १३१ ला ६३०, म्हणजे ३,००५ डॉलर. पाठवायच्या दिवशी दर पुन्हा तपासा. ऑक्टोबर २०२५ अखेरपासून चेक घेत नाहीत. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे द्यायचे तर जी-१४५० फॉर्म, बँक खात्यातून द्यायचे तर जी-१६५०, आणि प्रत्येक अर्जाला वेगळा. सगळ्याची मिळून एकच रक्कम भरली की पाकीट परत येतं.

मेडिकल (६९३) डिसेंबर २०२४ पासून ४८५ सोबतच जोडावं लागतं. ते सिव्हिल सर्जनकडूनच (इमिग्रेशन खात्याने मान्यता दिलेला इथला डॉक्टर), आणि बंद लिफाफा फोडायचा नाही. टीबीची तपासणी रक्ताची असते, त्यामुळे लहानपणच्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. तरीही आलीच तर छातीचा एक्स-रे.

ओपीटी सोडू नका. ४८५ प्रलंबित असताना राहायला परवानगी असते, पण ते स्टेटस (व्हिसाचा कायदेशीर दर्जा) नव्हे. ग्रीन कार्डाच्या अर्जातून आलेल्या नव्या ईएडीवर (सी९ प्रकार) काम सुरू केलंत की एफ-१ गेलं असं समजा. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अर्ज नाकारला गेला आणि खाली दुसरं स्टेटस नसेल, तर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते. ओपीटीचं ईएडी चालतंय तोवर तेच वापरा, पत्ता आणि नोकरीची माहिती डीएसओला (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) वेळेवर कळवा. नागरिकाच्या जोडीदाराला स्टेटस सुटल्याची माफी कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर मुद्दाम राहणं शहाणपणाचं नाही. आणि नोकरी लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर 'नागरिक' या चौकटीत चुकूनही टिक नको. त्याला लग्नानेही माफी नाही.

भर: कागदपत्रांबद्दल

लग्नाचं लायसन्स म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. लायसन्स लग्नाआधी मिळतं (न्यूयॉर्कमध्ये त्यानंतर २४ तास थांबावं लागतं, टेक्सासमध्ये ७२). विधी लावणाऱ्याने सही करून ते परत नोंदवलं की क्लार्ककडून सर्टिफाइड प्रत मिळते, आणि जोडायची ती हीच.

महाराष्ट्रातल्या जुन्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. नोंद जिथली आहे त्या पालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव चढवून घ्या. वेळ लागणार असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मराठी कागदाचं पूर्ण भाषांतर हवं, गोल शिक्क्यातल्या मजकुरासकट. खाली भाषांतरकाराचं नाव, पत्ता, तारीख, सही आणि 'दोन्ही भाषा येतात' हे विधान. नोटरी लागत नाही. मंडळातलं कुणीही करून देईल, फक्त तुम्ही दोघांनी करू नका.

पुन्हा प्रश्न

जोडीदार अजून शिकतो, उत्पन्न नाही. माझे काका इथे आहेत, ते ८६४ भरतील का?

उत्तर: विद्यार्थी मदत गट

काका नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तरच. एच-१बी वर असतील तर नाही. जोडीदाराने स्वतःचं ८६४ भरायचंच, काकांचं जॉइंट स्पॉन्सर म्हणून वेगळं. त्यांच्या घरची माणसं अधिक तुम्ही, अशी मोजणी होते: २०२५ च्या तक्त्याप्रमाणे घरी चौघं असतील तर तुमच्यासह पाच जणांना वर्षाला किमान ४७,०६२ डॉलर उत्पन्न लागतं. ही जबाबदारी तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत राहते, तुमचा घटस्फोट झाला तरीसुद्धा. सही करण्याआधी हे काकूंच्याही कानावर घाला. काकांकडून टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) आणि नागरिकत्वाचा किंवा कार्डाचा पुरावा मागून ठेवा.