वेस्टर्न सिनेमातल्या 'इंडियन'ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या फिल्म क्लबात जॉन फोर्डचा १९५६ चा 'द सर्चर्स' दाखवायचाय आणि मराठी सबटायटल्स माझ्याकडे आलीत. कोमांची या तिथल्या मूळ लोकांनी पळवलेल्या पुतणीला शोधत फिरणाऱ्या इथनची, म्हणजे जॉन वेनची, ही गोष्ट. पहिल्याच रिळात अडकलेय. पात्रं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना सारखी 'इंडियन' म्हणतात. 'भारतीय' लिहिलं तर अनर्थच, 'रेड इंडियन' लिहावं तर 'रेड' कोणी म्हणतच नाहीये, 'आदिवासी' लिहिलं तर क्लबातली एक मैत्रीण म्हणाली की अगं हा मानाने घ्यायचा शब्द आहे, जॉन वेनच्या तोंडी घातलास तर त्याचा सगळा द्वेषच धुऊन निघेल. मला ते पटलं, पण मग लिहू काय? आणि तुमच्या कानाला 'रेड इंडियन' शिवी वाटते का?

बोरूबहाद्दर
शिवी कसली. आम्ही लहानपणापासून रेड इंडियनच वाचत आलोय, कोणाचा अपमान करायचं मनातही नव्हतं. सबटायटल दोन सेकंद दिसतं, तेवढ्यात वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. रूढ शब्द आहे तो ठेवा आणि पुढे चला.

रानजाई
काका, आपल्या मनात नव्हतं हे खरं, पण शब्द आपण घडवलेला नाही ना. कातडीच्या रंगावरून माणसाला नाव देणं हे काही साधं नाही. वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल टीमला 'रेडस्किन्स' (लाल कातडीवाले) हे नाव २०२० मध्ये सोडावं लागलं ते उगाच नाही. माझं मत 'मूलनिवासी'.

खडूफळा
'रेड' म्हणजे फक्त गोऱ्यांनी दिलेली शिवी, असं सरसकट म्हणता येत नाही. ओक्लाहोमा हे राज्याचं नावच बघा, चोक्टॉ या तिथल्याच मूळ लोकांच्या भाषेत 'ओक्ला' म्हणजे लोक आणि 'हुम्मा' म्हणजे लाल. १८६६ मध्ये ॲलन राइट या चोक्टॉ प्रमुखानेच ते सुचवलं. आणि 'मूलनिवासी' म्हणाल तर महाराष्ट्रात त्या शब्दाला स्वतःचं राजकारण आहे, ते टेक्ससच्या माळावर कशाला न्यायचं?

रानजाई
स्वतःला लाल म्हणवून घेणं वेगळं आणि बंदूक रोखून दुसऱ्याने म्हणणं वेगळं. राजकारण तर 'आदिवासी'लाही आहे, आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा संविधान सभेत त्या शब्दासाठी भांडले. ज्याचं नाव त्याने ठरवावं एवढंच म्हणणं आहे.

चकवाचांदणं
मी असं वाचलंय की 'इंडियन' मुळात 'इन दिओस' आहे, म्हणजे देवाची माणसं! ते लोक इतके सरळ होते की कोलंबसाने तसं नाव दिलं. तेव्हा तर इंडिया असं देशाचं नावच नव्हतं. मग इंडियनच ठेवायला काय हरकत?

मांडवीकाठ
नाही हो, ही व्युत्पत्ती गोड आहे पण खोटी आहे. इंडिया हे नाव कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून युरोपात होतं, सिंधूवरून फारसीत हिंद आणि ग्रीकांकडून पुढे. कोलंबसाच्या १४९३ च्या पत्रात 'इंदिओस' आहे ते सरळ त्याच्या 'इंडीज'वरून. आम्हा गोंयकारांच्या घरी हे माहीत असतं कारण पोर्तुगीजमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, अमेरिकेतला तो 'इंदियो' आणि आपण 'इंदियानु'. ही सोय इंग्रजीत नाही म्हणून हा सगळा गोंधळ. आता ब्राझीलमध्ये 'इंदियो'ही मागे पडतोय, तिथल्या सरकारी संस्थेच्या नावातला तो शब्द २०२३ मध्ये काढून 'इंदिजेना लोक' असा बदल केला.

ओहायोकर
इथे अमेरिकेत राहणाऱ्याला हा गोंधळ रोजचा. नवीन आलो तेव्हा एकाने पार्टीत विचारलं, 'डॉट की फेदर?' म्हणजे टिकलीवाला इंडियन की पिसंवाला. एका वाक्यात दोन समाजांचा अपमान, आणि विचारणाऱ्याला तो विनोद वाटत होता. सेन्ससच्या फॉर्मवर १९८० पासून आपल्यासाठी 'एशियन इंडियन' आहे, त्यांच्यासाठी 'अमेरिकन इंडियन'.

पण पाटीपेन्सिलताई, मी म्हणेन नुसतं 'इंडियन'च ठेवा, आणि त्याचं कारण सोयीचं नाही, सिनेमातच आहे. त्या पडद्यावर कोण दिसतंय ते बघा ना. गोष्ट टेक्ससमधली, १८६८ ची, शूटिंग मॉन्युमेंट व्हॅलीत म्हणजे युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर. कोमांची म्हणून जे घोडेस्वार दिसतात ते तिथले नावाहो, आणि बोलतात तेही नावाहोच. त्यांचा प्रमुख स्कार झालाय हेन्री ब्रँडन, जन्माने जर्मन, डोळे निळे. म्हणजे कोमांचीही नाहीत आणि कोमांची भाषाही नाही. हॉलिवुडने शेकडो वेगवेगळ्या लोकांना कुटून एक 'इंडियन' बनवला, ज्याचं काम टेकडीवर उभं राहणं आणि नंतर घोड्यावरून पडणं. तुम्ही तिथे चांगला, आदराचा शब्द घातलात तर प्रेक्षकाला वाटेल की या सिनेमाला त्या लोकांबद्दल काही माहीत होतं. जिथे पात्र 'कोमांच' म्हणतं तिथे कोमांच, 'इंडियन' म्हणतं तिथे इंडियन. चूक कोलंबसाची, ती त्याच्याच खात्यावर राहू दे. आणि इथले बरेच जुने लोक स्वतःला इंडियनच म्हणवतात, रसेल मीन्ससारखा चळवळीतला माणूससुद्धा 'अमेरिकन इंडियन'वर ठाम होता.

रानजाई
हे पहिलं कारण ज्याच्यावर मी विचार करेन. पण क्लबातला नवखा प्रेक्षक हे सगळं नुसत्या 'इंडियन'वरून कसा ओळखणार? तो मनातल्या मनात भारतीयच वाचेल.

पाटीपेन्सिल
सुरुवातीला एक पाटी टाकता येईल. बरं, त्याहून अवघड पुढे आहे. जेवणाच्या टेबलावर इथन त्याच्या भावाच्या घरी वाढलेल्या मार्टिनला 'हाफब्रीड' म्हणून हिणवतो, आणि तो बिचारा हिशेब देतो की मी एक अष्टमांश चेरोकी, बाकी वेल्श आणि इंग्लिश. 'मिश्र रक्ताचा' फार सोज्वळ होतंय.

खडूफळा
'संकरित' लिहा. ब्रीड हा गुराढोरांचा शब्द, आपल्याकडेही संकरित म्हटलं की आधी गाय आठवते. जेवताना घरातल्याच माणसाला असं म्हटलं की जे व्हायला पाहिजे ते होतं.

बोरूबहाद्दर
संकरित हा शेतकी खात्याचा शब्द, तो कोणी रागात बोलत नाही. 'बाटगा' लिहा.

खडूफळा
बाटगा धर्माचा असतो हो, रक्ताचा नाही.

ओहायोकर
मला जास्त काळजी 'रेस्क्यू'ची वाटते. मराठीत आपण पटकन 'सुटका' लिहितो. पण ज्या खऱ्या हकिगतींवर हे कथानक उभं आहे त्यात सगळ्यात गाजलेली सिंथिया अ‍ॅन पार्करची. १८३६ मध्ये टेक्ससातल्या फोर्ट पार्करवर हल्ला झाला तेव्हा नऊएक वर्षांची, कोमांचींनी उचलून नेली. तिथेच वाढली, पेटा नोकोनाशी लग्न, तीन मुलं, त्यातला क्वाना पुढे कोमांचींचा मोठा नेता झाला. १८६० मध्ये टेक्सस रेंजर्सनी तिला तान्ह्या मुलीसकट परत आणलं आणि सगळ्यांनी म्हटलं की सुटका झाली. ती मात्र गोऱ्या नातेवाइकांकडून पुन्हा पुन्हा पळून कोमांचींकडे जायचा प्रयत्न करत राहिली. आता सांगा, तिला दोनदा पळवलं की एकदा पळवलं आणि एकदा सोडवलं? सिनेमात मुलगी घरी पोचते आणि गोष्ट संपते, पुढे तिचं काय झालं हे विचारायची सोयच ठेवलेली नाही. अमेरिकेने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट अशीच आहे, जमीन घेतली गोऱ्यांनी आणि गोष्टीत पळवलेली मुलगीही गोऱ्यांचीच.

रानजाई
हे वाचून अंगावर काटा आला. 'सुटका' नको. 'परत आणली' लिहा, त्यात तिची इच्छा होती की नाही हे उघडं राहतं.

बोरूबहाद्दर
पण पात्रांना ती सुटकाच वाटते ना? सबटायटल करणाऱ्याने पात्राचं म्हणणं सांगावं, इतिहास दुरुस्त करू नये. मघाशी इंडियन शब्दासाठी तुम्हीच म्हणालात की चूक तशीच राहू दे!

ओहायोकर
काका, फरक आहे. 'इंडियन' हा पात्रांचाच शब्द आहे. 'सुटका' हा आपण निवडतोय.

चकवाचांदणं
मग 'काऊबॉय'चं काय करणार? त्याला सरळ 'गुराखी' का लिहू नये? अर्थ तोच आहे की.

बोरूबहाद्दर
अगदी योग्य. चांगला मराठी शब्द असताना काऊबॉय कशाला? दुसऱ्याची गुरं राखायची आणि मजुरी घ्यायची, तेच काम. महिना तीस-चाळीस डॉलर मिळायचे त्यांना.

रानजाई
पण सिनेमातला काऊबॉय गुरं राखताना दिसतो कुठे! तो बंदूक चालवतो. खऱ्या गुराख्यांची लांबलांबचे कळप हाकायची धामधूम अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जेमतेम वीसेक वर्षं चालली, मग काटेरी तारा आल्या, रेल्वे सगळीकडे पोचली, संपलं. त्यांच्यात चारातला एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे आणि मेक्सिकनही पुष्कळ, ते सगळे पडद्यावरून गायब. म्हणून मी तर म्हणेन, खऱ्या माणसाला गुराखी आणि पडद्यावरच्याला काऊबॉय.

मांडवीकाठ
शब्दांतून मात्र मेक्सिकन गेले नाहीत. रँच, रोडिओ, लासो सगळं स्पॅनिश. काऊबॉयलाच 'बकारू' म्हणतात, तो म्हणजे 'वाकेरो'च, वाका म्हणजे गाय. गोऱ्यांनी धंदा त्यांच्याकडून शिकला आणि सिनेमात त्यांना दरोडेखोर केलं.

चकवाचांदणं
मग लासोला 'दावं' चालेल?

मांडवीकाठ
दावं गुराच्या गळ्यात आधीपासून असतं. लासो लांबून फेकतात, म्हणून 'फास'.

बोरूबहाद्दर
फास म्हटलं की लोकांना फाशी आठवेल. आमच्याकडे गाठ सरकती असेल तर 'सरफास' म्हणतात, तो घ्या.