दोन फासे: ११ ची शक्यता १२ च्या दुप्पट कशी?

खानापूरची आई: लेक दहावीला, मराठी माध्यम. काल रात्री भाकऱ्या थापताना तिनं विचारलं, "११ म्हणजे ५ नि ६, १२ म्हणजे ६ नि ६. दोन्ही एकेकच जोडी. मग उत्तरात २/३६ आणि १/३६ का?" मला सांगता आलं नाही, रात्रभर जिवाला लागलं. कुणीतरी समजावून सांगा की.

निपाणीचे गुरुजी: ताई, लेकीला शाबासकी द्या. हीच चूक लायब्निट्झसारख्या गणितज्ञानं केली होती. एका फाशाला लाल नेलपॉलिश लावा. लाल ५, पांढरा ६ हा एक निकाल. लाल ६, पांढरा ५ हा दुसरा. ६-६ मात्र एकाच तऱ्हेनं पडतं. एकूण निकाल ६ × ६ = ३६. सूत्र नंतर, आधी ३६ घरांचा तक्ता तिच्या हातानं काढून घ्या.

बेळगाव, शहापूर: रंग लावला नाही तरी फासे दोनच राहतात, हेही सांगा. आमचा पोरगा तिथंच अडला होता.

खानापूरची आई: तक्ता काढला. ७ ची तिरकी रांग बघून तीच ओरडली, "आई, सहा घरं! १/६!"