निवटी चिखलात सरपटते, रांगते की टेकत जाते?

ऐरोली : खाडीकिनारी मुलांसाठी मराठी फलक लावायचाय. मजकूर आलाय, 'निवटी चिखलात सरपटते'. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा. क्रियापद बरोबर आहे का?

कळवा : 'सरपटते' नको. सरपटताना पोट जमिनीला लागलेलं असतं आणि रेटा अख्ख्या अंगाचा असतो, जसा सापाचा. निवटीचं काम छातीच्या दोन मांसल परांवर चालतं. त्यांना खांद्यासारखा एक आणि कोपरासारखा एक, असे दोन सांधे असतात. दोन्ही पर ती एकदम पुढे टेकवते आणि त्यांवर अंग उचलून पुढे टाकते. पर पुन्हा पुढे नेईपर्यंत भार पोटाखालच्या परांवर राहतो. दोन्ही कुबड्या एकदम पुढे टाकून चालावं, तसं. रांगताना हात आळीपाळीने पडतात, म्हणून 'रांगते'ही चुकतं. 'परांवर टेकत टेकत पुढे सरकते' असं लिहा. बगळा दिसला की मात्र शेपटी एका बाजूला वळवून झटक्यात सरळ करते आणि टुणकन उडी मारते. तिथे 'उडी' चोख आहे.

वाशी : एकदम की आळीपाळीने, ही कसोटी पाखरांनाही लावा. चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकेक पाऊल टाकत चालते. 'चिमण्या अंगणात चालत होत्या' हे वाचताना खटकतंच. आणि त्याच फलकावर रोहित (फ्लेमिंगो) 'झेपावला' नको. झेप जागेवरून घेतात. रोहिताला उडण्याआधी उथळ पाण्यात पंख मारत धावावं लागतं.

ठाणे : घोड्याच्या दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय जोडीने पडतो, मग दुसरी जोडी, टापांचे ठोके दोनच. चौखूर उधळला की क्षणभर चारही पाय हवेत. हत्तीचे चारही पाय एकाच वेळी कधी जमीन सोडत नाहीत, त्याला खूरही नसतात. तरी बातम्यांत 'हत्ती चौखूर उधळला' छापतात. नुसतं 'उधळला' पुरे.

कोपरखैरणे : यंत्रांचं थोडक्यात. पोकलेन 'चेनवर चालतो' हेच योग्य. दोन रुंद पट्ट्यांवर वजन पसरतं म्हणून तो चाकाच्या गाडीपेक्षा कमी रुततो. वळताना एक पट्टा थांबवून दुसरा फिरवतात. चेन ढिली असेल तर नेमकी तेव्हाच उतरते. तिथे 'घसरली' लिहू नका. लोकल रुळावरून घसरते, पोकलेनची चेन उतरते.